पोटात गोळा आणणारा डोंगर

जत्रेतल्या आकाशपाळण्यात तुम्ही बसला असालच. पाळणा वर चढत असतो तेव्हा काय ऐट असते आपली! देवळाचं शिखर दिसतं, नदीपलीकडचा रस्ता दिसतो, खाली उभी असलेली आई एवढीशी दिसते. मग पाळणा माथ्यावरून पुढे झुकतो आणि... आला की नाही पोटात गोळा? डोळे घट्ट मिटलेले, दांडा घट्ट धरलेला. खाली उतरल्यावर पाय लटपटत असतात आणि तरीही पहिलं वाक्य काय? "बाबा, अजून एकदा!"

आता ही भीतीसुद्धा कुणीतरी कागदावर आखून, मापं घेऊन, गणितं करून बनवलेली असते असं मी सांगितलं, तर पटेल? पण ते खरं आहे. अशी भीती बनवणारे खास कारागीर आणि इंजिनियर असतात. त्यांचं काम पाहायला आज आपण मनानंच एक लांबचा प्रवास करू या. अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम नावाच्या शहरात डिस्नेलँड आहे, तिथं. माझ्या मावसबहिणीनं तिथला एक मोठा रंगीत नकाशा मला पाठवला होता. तो मी वर्गात भिंतीवर लावला आहे. आमच्या चौथीच्या मुलांनी त्यावर बोटं ठेवून इतके प्रश्न विचारले, की उत्तरं शोधता शोधता माझाच अभ्यास झाला. ते प्रश्न वाटेत भेटतीलच.

पूर्वी इथं संत्र्यांच्या बागा होत्या. १६० एकर जमीन. 'मिकी माउस'वाले वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसायच्या आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात वाट पाहायचे. आईवडील आणि मुलं दोघांनाही मजा येईल अशी जागा का नसावी, हे तिथं त्यांच्या मनात आलं, असं ते सांगत. १९५४च्या जुलैमध्ये कामाला सुरुवात झाली आणि एका वर्षात, १७ जुलै १९५५ रोजी, डिस्नेलँडची दारं उघडलीसुद्धा!

एवढ्या घाईचा परिणाम काय व्हायचा तो झालाच. नळ बसवणाऱ्या कामगारांचा संप झाला होता. पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास-मोऱ्या, दोन्ही वेळेत होणं शक्य नव्हतं. डिस्नेंनी संडास-मोऱ्या निवडल्या. (माझ्या मते बरोबर निवडलं!) रस्त्यावरचं डांबर इतकं ताजं होतं, की उन्हानं ते मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतून बसल्या. त्यात खोटी आमंत्रणं छापून हजारो लोक आत घुसले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बागेचा पहिला दिवस म्हणजे अगदी लग्नघरची त्रेधातिरपीट होती म्हणा ना!

चला, आपण आत जाऊ. दारातून शिरताना एका छोट्या बोगद्यातून जावं लागतं. वर आगगाडीचे रूळ आहेत. नकाशावर पाहिलंत तर हे रूळ बागेभोवती फिरलेले दिसतील, आणि ते एका उंच मातीच्या बांधावर टाकलेले आहेत. शेताला असतो तसा बांध, पण माणसाहून उंच आणि झाडांनी झाकलेला. कशासाठी? आतल्या माणसाला बाहेरचे रस्ते, मोटारी, विजेचे खांब दिसू नयेत म्हणून! नाटकाला विंगा असतात ना, तसाच हा बांध. तो लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याच्याशी दोनदा गाठ पडणार आहे.

आत आल्यावर समोर एक जुन्या काळचा बाजाररस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला परीकथेतला निळसर-गुलाबी राजवाडा. केवढा उंच वाटतो! प्रत्यक्षात तो आहे ७७ फूट. म्हणजे सात मजली इमारतीएवढा, बस. मग एवढा मोठा का वाटतो? नीट निरखून पाहा. खालच्या भिंतीतले दगड मोठे आहेत आणि वर वर जाताना ते लहान लहान होत गेले आहेत. बाजारातल्या घरांचंही तेच. खालचा मजला जवळजवळ खऱ्या मापाचा, वरचे मजले आणि त्यांच्या खिडक्या मात्र आखूड. लांबची वस्तू लहान दिसते, हे आपल्या डोळ्यांना लहानपणापासून पाठ असतं. म्हणून लहान दगड दिसला, की डोळे म्हणतात, 'अरे, हा तर खूप उंचावर आहे!' नाटकाच्या पडद्यावर रस्ता रंगवताना चित्रकार हीच युक्ती करतात. इथं ती सिमेंट-काँक्रीटमध्ये केली आहे, एवढाच फरक.

अशी युक्ती जमली की फसली, हे प्रत्यक्ष बांधल्यावर कळून काय उपयोग? म्हणून आधी छोट्या प्रतिकृती बनवत. हॅरिएट बर्न्स नावाच्या बाई त्या कामात अतिशय वाकबगार होत्या. १९५५ साली त्या डिस्नेंच्या प्रतिकृती बनवणाऱ्या कारखान्यात आल्या. तिथं त्या काळी सगळे पुरुषच, आणि या मात्र करवत, लेथ, ड्रिल सारं काही चालवत. पुढे इथल्या कितीतरी गोष्टी आधी त्यांच्या टेबलावर हातभर उंचीच्या जन्मल्या.

आता भुतांच्या वाड्याकडे वळू. घाबरू नका! 'हाँटेड मॅन्शन' असं त्याचं नाव. बाहेरून वाडा १९६३ सालीच तयार झाला होता, पण आतली भुतं तयार व्हायला सहा वर्षं लागली. ९ ऑगस्ट १९६९ रोजी तो उघडला. मधल्या काळात येल ग्रेसी आणि रॉली क्रम्प हे दोघे एका खोलीत बसून भुतांचे प्रयोग करत होते. क्रम्प यांनी सांगितलेली एक गंमत ऐका. रात्री झाडलोट करणारे लोक त्या खोलीला घाबरायचे. "दिवे चालू ठेवून जात जा," असा निरोप आला. या दोघांनी दिवे चालू ठेवले खरे, पण कुणी आत आलं की दिवे जातील आणि भुतं चालू होतील, अशी व्यवस्था करून ठेवली! दुसऱ्या दिवशी पाहतात तर सगळी भुतं चालूच होती आणि खोलीच्या मधोमध एक झाडू पडलेला होता. झाडूवाल्यांनी तिथं पुन्हा पाऊल टाकलं नाही म्हणे. मला विचाराल तर हा चेष्टेचा अतिरेकच झाला, पण प्रयोग यशस्वी झाला यात शंका नाही.

वाड्यात शिरलं, की पहिल्यांदा एका आठ भिंतींच्या खोलीत उभं करतात. दार बंद होतं. आणि खोली लांब व्हायला लागते! भिंतींवरची चित्रं ताणली जातात, छत वर वर जातं. खरं काय घडतं सांगू? छत जागचं हलत नाही. तुम्ही उभे आहात ती जमीनच हळूहळू खाली चालली आहे. ती खोली म्हणजे एक प्रचंड लिफ्ट आहे. आता मघाचा बांध आठवा. वाडा बांधला तेव्हा आत जागा उरलेली नव्हती. भुतांची खरी मोठी इमारत बांधाच्या बाहेर बांधावी लागली. लोकांना तिकडे न्यायचं कसं? आगगाडीच्या रुळांखालून! त्यासाठी आधी त्यांना जमिनीखाली उतरवायला हवं. जिन्यानं उतरवलं असतं तर गंमत गेली असती, म्हणून लिफ्टचंच भूत केलं. १९६७ साली उघडलेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चाच्यांच्या खेळातही तेच आहे. तिथं तुमची होडी अंधारात धबधब्यावरून धाडकन खाली पडते. सगळे किंचाळतात, आणि किंचाळता किंचाळता बांधाखालून पलीकडे पोचतात. अडचणीचीच गंमत करून टाकायची ही रीत मला फार आवडली.

वाड्यातल्या मोठ्या दिवाणखान्यात पारदर्शक भुतं नाचतात, जेवतात, फुंकर घालतात आणि एकाएकी नाहीशी होतात. त्यांच्यातून पलीकडच्या खुर्च्या दिसतात. ही करामत सिनेमाची नाही हं. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनमध्ये १८६२च्या नाताळात जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर असं भूत दाखवलं होतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण नाव पडलं 'पेपरचं भूत'. तुम्हीही ते घरी करू शकता. फोटोच्या चौकटीची स्वच्छ काच टेबलावर उभी धरा. काचेच्या अलीकडे वीतभर अंतरावर पेटलेली मेणबत्ती ठेवा आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्यानं भरलेला पेला. खोलीत अंधार करा आणि मेणबत्तीच्या बाजूनं काचेतून पाहा. मेणबत्ती पाण्यात जळताना दिसेल! (काच आणि काडेपेटी मोठ्या माणसांच्या हातात द्यायची, हे ठरलेलं.) वाड्यात हीच काच भिंतीएवढी आहे आणि मेणबत्तीच्या जागी तुमच्या वाटेच्या वर-खाली लपवलेल्या बाहुल्या आहेत. बाहुलीवर दिवा लागला की भूत हजर, दिवा गेला की भूत गायब.

हे सांगितल्यावर वर्गातला एक मुलगा रुसून म्हणाला, "बाई, म्हणजे तिथं सगळं खोटंच!" मी म्हटलं, "थांब. डोंगर अजून राहिला आहे."

हा तो डोंगर, मॅटरहॉर्न. खरा मॅटरहॉर्न स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर आहे, उंची १४,६९२ फूट. इथला आहे १४७ फूट. भागाकार करून पाहा, जवळजवळ बरोबर शंभरावा हिस्सा येतो. १४ जून १९५९ला तो उघडला. बर्फाचा दिसणारा हा डोंगर आतून पोकळ आहे. दोन हजारांहून जास्त पोलादी तुकड्यांचा सांगाडा आणि वरून काँक्रीटचं कातडं. त्यावरची झाडंसुद्धा वर जाताना बुटकी होत गेली आहेत, राजवाड्याच्या दगडांसारखी. वरच्या पोकळ जागेत कामगारांसाठी बास्केटबॉलची एक बास्केट टांगलेली आहे, ही गोष्ट ऐकून माझ्या वर्गातली मुलं टाळ्या पिटायला लागली.

तर इथवर खोटंच. पण या डोंगराच्या पोटातून बर्फावरच्या घसरगाडीसारख्या गाड्या धावतात आणि त्यात खरी माणसं बसतात. डोळ्यांना फसवता येतं, पण दीडशे फुटांच्या उंचीला आणि माणसाच्या वजनाला कोण फसवणार? इथलं गणित खरंच असावं लागतं.

पहिली गंमत म्हणजे गाडीला इंजिन नसतं. गाडी साखळीनं वर ओढून न्यायची आणि सोडून द्यायची. पुढचा सगळा प्रवास उताराच्या जोरावर. म्हणून पहिला चढ नेहमी सर्वांत उंच. अंगणात पाण्याची जुनी नळी उभी चिरून तिची पन्हळ करा, एक टोक स्टुलावर ठेवा, मध्ये विटेचा उंचवटा द्या आणि गोटी सोडा. उंचवटा स्टुलाएवढा उंच केला, की गोटी तो ओलांडत नाही, मागे फिरते. घर्षण आणि वारा वाटेत आपला कर वसूल करतातच. किती करतील हे आधी कागदावर काढावं लागतं, नाहीतर गाडी मधल्याच खळग्यात अडकून बसेल.

दुसरी गोष्ट रुळांची. पूर्वीच्या रोलर कोस्टरला लाकडी रूळ असत आणि वर लोखंडी पट्टी. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला १८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी अशी गाडी सुरू केली, तेव्हा तिचा वेग होता ताशी सहा मैल. सायकलवाला सहज पुढे गेला असता! मॅटरहॉर्नसाठी एड मॉर्गन आणि कार्ल बेकन यांच्या 'ॲरो' नावाच्या छोट्या कंपनीनं पोलादी नळीचे रूळ बनवले. नळी हवी तशी वाकवता येते, पिळता येते. जगातला हा असा पहिलाच रोलर कोस्टर. आज जगभर जे पोलादी रोलर कोस्टर दिसतात, ते याचेच वंशज.

आणि गाडी रुळावरून उडत का नाही? कारण चाकं फक्त वर नसतात. एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खाली. आपण बोटांनी पेन्सिल धरतो, तशी चाकं रुळाला धरतात. खालच्या चाकाची कल्पना जॉन मिलर या अमेरिकन माणसाची, १९१९ सालची. उतारावर तुमचं अंग सीटवरून उचललं जातं, पोटात गोळा येतो, तेव्हा गाडीलाही उडावंसं वाटत असतं. खालचं चाक म्हणतं, 'कुठं चाललीस?'

आता सगळ्यात भीतीची वेळ कोणती? चढावरची. बहुतेक रोलर कोस्टरमध्ये गाडी वर चढताना खालून आवाज येतो, कट् कट् कट् कट्... वाटतं, काहीतरी तुटतंय! तुम्ही सायकल चालवताना पायडल मारायचं थांबवता तेव्हा मागच्या चाकातून असाच बारीक आवाज येतो. फ्रीव्हीलमध्ये दाते असतात आणि त्यांवरून खटके सरकत जातात. इथंही चढाच्या मधोमध एक लांब दातेरी पट्टी असते आणि गाडीखाली एक जाड खटका. प्रत्येक 'कट्' म्हणजे खटका एक दाता पुढे गेला. साखळी तुटली तरी गाडी एका दात्यापेक्षा जास्त मागे येऊ शकत नाही. ज्या आवाजानं तुम्ही आईचा हात घट्ट धरता, तोच तुम्हाला सांभाळत असतो! (काही नव्या कोस्टरमध्ये हा आवाज कमी केला आहे. मला ते काही पटलं नाही.)

"बाई, मध्येच लाईट गेली तर?" हा प्रश्न वर्गात येणारच होता. भारनियमनात वाढलेली मुलं आपली. याचं उत्तर मला फार सुंदर वाटलं. रुळाचे टप्पे पाडलेले असतात. पुढची गाडी टप्पा सोडत नाही तोवर मागच्या गाडीला आत सोडायचं नाही. आपल्या रेल्वेच्या सिग्नलचा नियमच तो. टप्प्याच्या शेवटी ब्रेक असतात. सायकलचा ब्रेक आपण दाबला की लागतो. इथं उलटं आहे. ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर आपोआप लागलेलेच असतात, आणि गाडी सोडायची असेल तेव्हा दाबलेली हवा वापरून ते उघडावे लागतात. वीज गेली, हवा गेली, काहीही बिघडलं, तर काय होईल? ब्रेक लागतील. गाडी थांबेल. आगगाडीत साखळी ओढली, की नळीतली हवा सुटते आणि ब्रेक लागतात, तेही याच तत्त्वानं. यंत्र कधीतरी बिघडणार, हे धरूनच ते बनवायचं आणि बिघडलं तर ते थांबण्याच्या बाजूनंच बिघडेल अशी तजवीज करायची.

हे शहाणपण एका दिवसात आलेलं नाही. माणसाला उलटं फिरवणारा वेढाच घ्या ना. १८९५ साली कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' नावाचा रोलर कोस्टर आला, त्यात अगदी गोल वेढा होता. बसणाऱ्यांच्या माना दुखावत. का? पाण्याची बादली हातानं गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, ते तळाशी दाबलं जातं, हो ना? तसंच माणूस सीटवर दाबला जातो. वेग जितका जास्त आणि वळण जितकं आखूड, तितका दाब जास्त. घाटात एस.टी. जोरात वळली की शेजाऱ्याच्या अंगावर पडतो ना आपण! वेढ्यात शिरताना गाडीचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि गोल वेढ्यात तिथंच एकदम आखूड वळण लागायचं. मग १९७६ साली कॅलिफोर्नियातच, 'मॅजिक माउंटन' या बागेत, वर्नर स्टेंगेल या जर्मन इंजिनियरनं वेढ्याचा आकार बदलला. त्यानं तो पाण्याच्या उलट्या थेंबासारखा केला, म्हणजे खाली पसरट वळण आणि वर आखूड. वर पोचेपर्यंत वेग कमी झालेला असतो, म्हणून तिथलं आखूड वळण सोसतं. चित्र काढून पाहा, फरक लगेच कळेल. आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिकामध्ये २०१३ साली 'नायट्रो' हा मोठा रोलर कोस्टर आला. तिथं गेलात तर रांगेत उभं असताना वेढा निरखून पाहा. तो अगदी वाटोळा नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. मॅटरहॉर्नला ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट लागतात. इथं रडारड ठरलेली! पालकांनो, "टाचा जरा वर कर" असं मुलांच्या कानात सांगणारे आईबाप सगळ्या देशांत असतात. पण ती पट्टी कुणाचा अपमान करायला लावलेली नाही. सीट आणि पट्टा एका ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेले असतात. अंग त्याहून लहान असेल तर ते पट्ट्यात नीट धरलं जात नाही. बागेतल्या सगळ्या खोट्या मापांमध्ये हे एक माप अगदी खरं आहे. गावच्या जत्रेत पट्टी नसते. तिथं पाळण्याची कडी लागली की नाही हे आपणच हात लावून पाहायचं, आणि पाळणेवाल्याला विचारायला लाजायचं नाही.

रात्री बाग बंद होते. संगीत थांबतं, गर्दी घरी जाते आणि दुसरीच माणसं कामाला लागतात. कुणी रंग देतं, कुणी दिवे बदलतं, कुणी रूळ, चाकं आणि पट्टे तपासतं. सकाळी दारं उघडण्याआधी गाड्या रिकाम्याच सोडून पाहतात. रात्रीच्या कामकऱ्यांमध्ये मांजरंही आहेत. राजवाड्याच्या आणि डोंगराच्या आसपास ती कितीतरी वर्षं राहत आहेत. उंदीर पकडतात म्हणून बागेनंच त्यांना राहू दिलं आहे. त्यांच्या खाण्याची आणि डॉक्टरची सोय केली जाते. दिवसा ती झुडपांत झोपून असतात आणि तिकीट न काढता रोज रात्री सगळी बाग हिंडतात.